इथं कोण विचारतंय

पुतण्याचा फोन आला तेव्हा रानात कुळव चालू होता. मे महिन्याचे शेवटचे दिवस, 2023 साल. पुतण्या पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीवर न्यू जर्सीला गेला तो तिकडचाच झाला. वर्षा-दोन वर्षांनी गावाकडं येतो, आठ दिवस राहतो, आंबे खातो, जातो. त्या दिवशी म्हणाला, "काका, पोरगी येतीय सुट्टीत. दीड महिना राहील. तिला एखाद्या डॉक्टरजवळ बसायला मिळेल का बघा. तिला तास पाहिजेत."

मला वाटलं, तास म्हणजे शिकवणी. म्हटलं, आमच्या तालुक्याचा डॉक्टर कसली शिकवणी घेतोय, त्याला जेवायला सवड नाही. मग पुतण्यानं उलगडून सांगितलं. तिकडं बारावी झाली की लगेच डॉक्टरीला जाता येत नाही. आधी चार वर्षं कॉलेज करायचं, कुठलाही विषय घेतला तरी चालतो, फक्त ठरावीक शास्त्राचे विषय झाले पाहिजेत. मग एमकॅट नावाची दिवसभराची परीक्षा. पण नुसत्या मार्कांवर भागत नाही. अर्जात लिहावं लागतं की मी आजारी माणसं जवळून बघितलीत, त्यांच्यात राहिलेय, आणि तरीसुद्धा मला हेच काम करायचंय. किती तास, कुठं, कुणाच्या देखरेखीखाली, सगळं.

ऐकून मी खूश झालो, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं काय आहे? शेजारचा पोरगा दोन वर्षं लातूरला खोली घेऊन राहिला. सातशेवीस मार्कांची नीट, त्यातले किती पडले त्यावर जन्माचा निकाल. बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं हे तो झोपेत सांगेल, पण त्याची म्हातारी खोकायला लागली की खोलीबाहेर जायचा. त्याचा दोष नाही, त्याला कुणी दुसरं काही विचारलंच नव्हतं. बैल घ्यायचा तर आपण चार बाजार हिंडतो, दात बघतो, गाडीला जुंपून बघतो. आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरानं एकदाही रक्त बघितलेलं नसलं तरी चालतं. अमेरिकेचं मला फारसं कौतुक नाही, पण हे मात्र शहाणपणाचं वाटलं.

पोरगी जूनच्या मध्याला आली. उंच, जरा वाकून चालणारी, वीस वर्षांची. मला आजोबा म्हणते. मराठी कळतं, बोलते ते स्वयंपाकघरातलं: भूक लागली, पाणी दे, हे तिखट आहे. दुसऱ्या दिवशी तिनं मला कॉम्प्युटरवर तिचा तक्ता दाखवला. तिकडच्या हॉस्पिटलात फुकट कामाला जायची, पेशंटच्या खुर्च्या ढकलायची, पाणी द्यायची, त्याचे एकशेसाठ तास. एका डॉक्टरच्या मागं गप्प उभं राहून बघण्याचे तीस. याला तिकडं 'शॅडोइंग' म्हणतात, म्हणजे सावली होणं. आमच्याकडं सावली म्हणजे दुपारची भाकरी खायची जागा, त्यामुळं मला तो शब्द फार आवडला. अर्जात असे पंधरा अनुभव लिहायला जागा असते, आणि वर एक निबंध, 5300 अक्षरांच्या आत, मला डॉक्टर का व्हायचंय म्हणून.

तक्ता बघून मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची आणि मुकादम हजेरीपटावर अंगठा घ्यायचा. किती ब्रास खडी झाली ते त्यात असायचं, हाताला किती फोड आले त्याला रकाना नव्हता. पण हा विचार तेव्हा मनात आला आणि गेला. पोरगी उत्साहात होती, तिला कशाला बोला.

तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. माणूस हुशार, हाताला गुण आहे, गरिबाकडून कमी घेतो, उधार ठेवतो. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट. मी विचारलं तर म्हणाले, "आणा की, बसू दे." तिकडचा कुठला कागद, सही, काही लागलं नाही. रोज सकाळी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून चौदा किलोमीटर यायची. मी सुरुवातीला सोडून परत यायचो. पण तिला पेशंटचं बोलणं कळेना, म्हणून मी पण तिथंच थांबायला लागलो. पेरण्या पोरावर सोपवल्या आणि साठी उलटल्यावर दुभाषा झालो.

ते दिवस फार चांगले गेले, हे खोटं सांगत नाही. मला आजवर कळलं नव्हतं की आपल्या माणसांना दुखण्याबद्दल किती बोलता येतं. दाढ ठणकते. पोटात कळ येते. डोकं भणभणतं. गुडघ्यात चमक मारते. पाठीत उसण भरते. पिंढरीत गोळा येतो. डोळे चुरचुरतात, जखम हुळहुळते, हातापायाला मुंग्या येतात, अंग मोडून येतं. ती एकेक शब्द वहीत लिहून घ्यायची आणि मला विचारायची, "आजोबा, ठणका आणि कळ यात फरक काय?" मी सांगायचो, ठणका एका जागी बसून हातोडा मारतो, कळ येते आणि जाते, लाटेसारखी. डॉक्टर पेशंट तपासता तपासता ऐकायचे आणि मान हलवायचे. तिच्याकडं तिकडं एकच माप, शून्य ते दहातलं किती दुखतंय ते सांगा. तिनं ते एका म्हाताऱ्यावर चालवून बघितलं. मी त्याला समजावलं, बाबा, अजिबात नाही म्हणजे शून्य आणि सहन होत नाही म्हणजे दहा. म्हातारा विचार करून म्हणाला, "बारा आणे दुखतंय." तिनं मला विचारलं, म्हणजे किती? मी म्हटलं, साडेसात धर.

तिसऱ्या आठवड्यापासून ती हळूहळू बदलली. पहिल्यांदा वहीत घड्याळ बघून तास लिहायची, मग विसरायला लागली. एक बाई नवऱ्याला घेऊन आलेली, काविळीचं पोट, डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं. बाई बाहेर बाकावर बसून पिशवीतले पैसे मोजत होती, परत परत तेच पैसे. पोरगी तिच्याशेजारी जाऊन बसली. अर्धा तास. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या दिवशी जाताना मला म्हणाली, "मला वाटतं मला जमेल." मी काही बोललो नाही, पण गाडी सावकाश चालवली.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

जुलैचा शेवट. पोरगी चार दिवसांनी जाणार होती. आमच्या रानात रोजानं येणारी एक बाई आहे, सगळा गाव तिला मावशी म्हणतो, मीही तेच म्हणतो. पंचावन्नच्या आसपास, नवरा गेलेला, लेक नांदायला. बांधावरचं गवत कापताना विळा निसटला आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल गेला. मी तिला गाडीवर घातलं आणि तालुक्याला नेलं. पोरगी तिथंच होती.

डॉक्टरांनी जखम धुतली, भुलीचं इंजेक्शन दिलं, धनुर्वाताचं दिलं, टाके घालायला घेतले. पाच घालायचे होते. तीन झाले. बाहेर गर्दी, आत आम्ही चौघं. डॉक्टर खुशीत होते, पोरीनं महिनाभर मनापासून काम केलेलं त्यांनी बघितलं होतं. चिमटा आणि सुई तिच्यापुढं धरून म्हणाले, "घाल दोन. मी आहे ना."

पोरगी मागं सरली. इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मग मला मराठीत म्हणाली, "आजोबा, आम्हाला परवानगी नाही."

मी म्हणालो, "घाल गं. इथं कोण विचारतंय?"

हे वाक्य माझं. डॉक्टरांचं नाही, पोरीचं नाही. मी हसत हसत बोललो. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की मी तिला धीर देतोय, परदेशात वाढलेल्या लेकराची भीती मोडतोय. तिनं मावशीकडं बघितलं. मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, म्हणून मावशीनं मान डोलावली. हात मावशीचा, जखम मावशीची, आणि होकार माझा.

पोरीनं दोन टाके घातले. हात थरथरत होता, दुसरा टाका दोनदा ओढावा लागला. मावशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वा.

परत येताना गाडीवर मी, मध्ये मावशी, मागं पोरगी, असे तिघं बसून आलो. कुणीच बोललं नाही. रात्री पोरगी जेवली नाही. मला म्हणाली, तिच्या कॉलेजातल्या बाईंनी निघायच्या आधी कागद दिला होता. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं परदेशी जाऊन अनुभव घेणाऱ्या पोरांसाठी सूचना काढलेल्या आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की जे काम आपल्या देशात तुम्हाला करू देणार नाहीत ते दुसऱ्या देशात, गरीब माणसांवर, करू नका. कुणी करायला सांगितलं तरी नाही म्हणा. आणि केलंत तर अर्जाला ते भूषण नाही, उलट बाधेल. मी म्हटलं, अगं, दोन टाके. ती म्हणाली, "तिकडं मी पेशंटचं पांघरूणसुद्धा नर्सला विचारल्याशिवाय ओढत नाही."

चार दिवसांनी ती गेली. पाचव्या दिवशी मावशीचा हात सुजला. पू झाला. डॉक्टरांनी शेवटचे दोन टाके आधीच काढले, गोळ्या बदलल्या. मी विचारलं, पोरीच्या टाक्यानं झालं का? म्हणाले, "कशानंही होतं. पावसाळा आहे, बाई शेणात हात घालते, घरी भांडी घासते." ते खोटं बोलत नव्हते. कशानं झालं ते कधीच कळणार नाही. पण टाके पाच आणि पिकले ते दोन, एवढं मी मोजलं. मावशीचे बारा दिवस मोडले, तीनशे रुपये रोजानं 3600. मी नेऊन दिले. तिनं मोजून घेतले, कनवटीला लावले, उपकार मानले नाहीत. मला त्यानं बरं वाटलं.

पोरीचा फोन आला, "मावशींचा हात कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे." बघा, एका वाक्यामागून दुसरं कसं येतं.

त्यानंतर मी खूप दिवस हा विचार करत होतो की नेमकं चुकलं काय. कारण शिकायचं तर कुणाच्या तरी अंगावरच शिकावं लागतं, याला इलाज नाही. टाका घालायला उशीवर शिकता येत असेल, पण शेवटी कधीतरी पहिला माणूस येणारच. आमच्या लहानपणी न्हाव्याचा पोरगा वस्तरा धरायला लागला की पहिली दोन वर्षं सालगड्यांच्या दाढ्या त्याच्याकडं. मोठ्या घरच्या गालाला त्याचा बाप. गड्याच्या गालाला रक्त आलं की सगळे हसायचे, गडी पण हसायचा. पोरगा तयार झाला की मग ओसरीवर यायचा. म्हणजे शिकणं सगळ्यांच्या फायद्याचं, कापून घेणं मात्र ठरावीक लोकांकडं. मोठ्या सरकारी दवाखान्यांतही तेच चालतं, सोसायटीतला शेअर असलेला माणूस तिथं जातो तो अगदी नाइलाज झाल्यावरच.

माझे वडील 84 साली असल्याच एका मोठ्या दवाखान्यात होते. प्लीहा वाढली होती. सकाळी मोठे डॉक्टर आले, बरोबर दहा-अकरा शिकाऊ पोरं-पोरी. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं आणि एकेकानं वडिलांचं पोट दाबून बघितलं. जानेवारीची थंडी, सगळ्यांचे हात गार. वडील दात आवळून पडलेले. मी कोपऱ्यात, तेवीस वर्षांचा, मुठी आवळून उभा. शेवटी एक चष्मेवाला पोरगा आला. त्यानं आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, गरम केले, वडिलांना म्हणाला, "बाबा, बघू का? दुखलं तर सांगा." वडील म्हणाले, "बघ लेकरा." रात्री मी चिडून बोललो तेव्हा वडील म्हणाले, "दाबू दे. शिकतील कशावर?" मग थोड्या वेळानं, "त्या चष्म्यावाल्याला येईल." दीड महिन्यानं वडील गेले. पोट सगळ्यांनी सारखंच दाबलं होतं, पण वडिलांनी आपलं पोट दिलं ते एकालाच. बाकीच्यांनी घेतलं.

आणि मी, ज्यानं हे डोळ्यांनी बघितलं होतं, त्यानं चाळीस वर्षांनी मावशीचा हात दुसऱ्याला देऊन टाकला.

कुणी म्हणेल, पदवी नसताना हात लावला हीच चूक. मला तसं वाटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवलं, त्या तान्ह्या बाळांना जंतुसंसर्ग झाला तर घरी जाऊन इंजेक्शन द्यायच्या, आणि बाळं वाचली. 1999 साली ते इंग्लंडच्या लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आलं, जगानं मान्य केलं. आमच्यापासून फार लांब नाही त्या जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी 1970 पासून, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना सुद्धा आरोग्याचं काम शिकवलं. पदवी त्यांच्याकडं कुठली? पण त्या बायका त्याच गावच्या. आज ज्या बाळाला सुई टोचली त्याची आई उद्या पाण्यावर भेटणार, परवा बाजारात भेटणार. बाळाला काही झालं तर तोंड लपवायला जागा नाही. आमची पोरगी सुई ठेवून विमानात बसली आणि पू बघायला मी राहिलो, खरं तर मावशी राहिली.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांनी काढलं. तिथं नवीन पोरं आली की आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात, पुढं एका गावात राहायला जातात, घरं वाटून घेतात, त्या घरांशी पुढं संबंध ठेवतात. 2019 पासून सगळ्याच कॉलेजांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून पोरांना पेशंटजवळ न्यायचं ठरलंय. चांगलं आहे. पण हे सगळं प्रवेश मिळाल्यानंतरचं. आत जाण्याआधी आपल्याला हे बघवेल का, हे विचारायची सोय आपल्याकडं नाही, आणि अमेरिकेत ती आहे. तिथला घोळ वेगळा. एकदा अनुभव तासांत मोजायला लागलं की ज्याच्याकडं फुकटचे तास आहेत त्याचाच अनुभव मोठा. पोरगीच सांगत होती, तिच्या वर्गातली एक मुलगी संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर बसते, फी भरायची असते, तिला फुकटात खुर्च्या ढकलायला वेळ कुठला, आणि आजोबांच्या गावाला यायला विमान कुठलं. शेजारच्या पोराबद्दल मी वर वाईट बोललो, पण त्याच्या म्हातारीला अर्धांगवायू झाला तेव्हा शेवटचे तीन महिने तिची कूस त्यानंच बदलली. खोलीबाहेर जाणारा पोरगा पाठीच्या जखमा धुवायला लागला. त्याचे तास कुठं लिहायचे? नीटमध्ये त्याला अर्धा मार्क नाही.

आनंदीबाई जोशी 1883 साली पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या, 1886 ला डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्यांचा अनुभव काय तो तेवढा. तो कुठून मिळवून आणलेला नव्हता.

दिवाळीच्या आत मी पोरीला फोन करून खरं सांगितलं. हात पिकला होता, मी तुला खोटं बोललो. ती गप्प. मग म्हणाली, मला मावशींशी बोलायचंय, तोंड बघून. मी मावशीला घरी बोलावलं, मोबाईल खाटेवर लोट्याला टेकवून ठेवला. पोरगी रडत होती, सॉरी सॉरी म्हणत होती. मावशी जरा वेळ बघत राहिली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रडायला काय झालं हिला? हिला म्हणावं, टाका जरा सैल घालत जा. लई आवळला हुता."

मी ते इंग्रजी-मराठीत करून सांगितलं. पोरगी रडता रडता वही शोधायला लागली.

पुढच्या मे महिन्यात परत तिचा फोन. जूनला अर्ज भरायचा होता. म्हणाली, "आजोबा, मी निबंधात तो टाका लिहिलाय. माझी चूक म्हणून लिहिलंय. न विचारता हात लावला, त्यातून काय शिकले ते." वाचून दाखवला. इंग्रजी मला थोडंच कळतं, पण चांगला असावा, तिचा आवाज मध्ये दोनदा अडकला. मी विचारलं, "हे वाचून त्यांना काय वाटेल?" ती म्हणाली, "की मी प्रामाणिक आहे." मी म्हटलं, "म्हणजे मावशीचा हात परत एकदा तुझ्या कामाला आला."

मला तसं बोलायचं नव्हतं, पण बोललो. बराच वेळ फोनमध्ये नुसती खरखर. दोन दिवसांनी तिनं कळवलं, निबंधातून काढलं. त्या जागी पैसे मोजणाऱ्या बाईशेजारी बसल्याचं लिहिलंय. मी म्हटलं, त्या बाईला तरी कुठं विचारलंय? ती म्हणाली, "आजोबा, मग मी काहीच लिहू शकणार नाही." तेही खरं होतं. मी म्हटलं, लिही, नाव-गाव घालू नको.

आणि मग हे पुस्तक लिहायला बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी तरी काय करतोय. म्हणून मागच्या आठवड्यात तुरीत खुरपण चालू होतं तिथं गेलो. मावशी पात धरून पुढं चालली होती. तिला म्हटलं, तुझ्या हाताचं पुस्तकात लिहितोय, चालेल का? नाव घालणार नाही.

"कशाला लिवताय?"

म्हटलं, माझी चूक झाली म्हणून. तुला विचारायला पाहिजे होतं.

ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवला. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी वण आहे, वरचे तीन टाके सरळ, खालचे दोन वाकडे. "लिवा की. माझं काय जातंय."

मी म्हटलं, "एक सांग. त्या दिवशी तुला विचारलं असतं, पोरीला टाका घालू द्यायचा का, तर तू काय म्हणाली असतीस?"

तिनं खरंच विचार केला. पुढच्या बाया तोवर दोन हात लांब गेल्या.

"म्हणले असते, घाल बाई. न्हाय तर म्हणले असते, नको. आता कसं सांगू आण्णा? तवा इच्यारलंच कुटं."

आणि खाली बसून मागं राहिलेली पात उरकायला लागली.